डाव्या शंखाची झारी

तोटीमाय भांडं इकायच्या आधी फोडायची. समदीच न्हाई, लाळ गाळणारी तेवढी. गिऱ्हाईक दारात उभं असायचं आन ती झारी उचलून पाणी वतायची. धार सुतावानी सरळ पडली आन झारी उभी करताच टचकन तुटली, तर झारी गिऱ्हाइकाच्या हातात. पण धार तुटल्यावर एक थेंब जरी तोटीच्या हनवटीवरनं पोटावर वघळला, की झारी दगडावर आपटलीच म्हणून समजा. गिऱ्हाईक हळहळायचं, "आगं माय, मला चालली असती की!" ती म्हणायची, "तुला चालंल. मला न्हाई चालायची. लाळगळं लेकरू दुसऱ्याच्या घरी कसं धाडू?"

तोटीमाय माझी सासू. खरं नाव निराळं, पण त्या नावानं हाक मारायला कुणी उरलंच नव्हतं. झारीला तोटी बसवायची, कान लावायचा, तोंड चिमटून घडवायचं, हे आमच्या कुंभारात बायांचं काम. त्यात तिचा हात असा की राणीसावरगावच्या बाजारात बाया "तोटीमायची झारी" म्हणून मागायच्या. आमचं गाव तिथनं जवळच, वढ्याच्या पल्याड.

मी लगीन होऊन आले तवा मला लुगडं नीट नेसता येत नव्हतं. माझी माय पटकीनं गेलती. सासरी पयल्या दिशी मी आपली गुमान चुलीकडं निघाले, तर तोटीमाय म्हणली, "चूल काय पळून जायलीय का? हितं ये." आन माझ्या हातात मातीचा गोळा दिला. "दाब." म्या दाबला. तिनं बोटाचे वळ न्याहाळले. "जोर हाय की गं. सकाळपून जेवली न्हाईस ना?" म्या मान हलवली. "मग जोर कुठून आला?"

मी म्हणले, "रागानं."

ती अशी हासली की गाढवं बुजली. मंग भाकरीचा कुटका माझ्या हातावर ठिवत म्हणली, "राग जपून ठिव बाई. मातीवानी असतो त्यो. वला हाय तवर काहीबी घडवता येतं. उधळला की नुस्ती धूळ." हे तिचं बोलणं म्या जन्मभर पाळलं. म्हणून तर आता सांगायलेय.

चाकावर बसायचं काम गड्याचं. चाक म्हंजे म्हादेव, बाईनं त्याला काठी लावायची न्हाई, अशी जातीची रीत. तळ्यातनं माती खांदायला बाई, गाढवावर लादायला बाई, चाळायला बाई, तुडवायला बाई. चाकाखालची जागा शेणानं सारवायला बाई, सणाला त्याला हळदकुकू वाहायला बी बाईच. फिरवायला तेवढी चालत न्हाई. मला ह्या गोष्टीचा तवाबी राग यायचा आन आता दात पडले तरी यायलाय.

माझा सासरा चाकावर बसायचा आन तोटीमाय त्याच्या समोर. गोळा त्याच्या हातात द्यायचा, पाण्याचं फडकं द्यायचं, झालेलं भांडं अल्लद उचलून सावलीत ठिवायचं. भांडं झालं की फिरत्या चाकावरच त्याच्या बुडाखालनं दोरा घालून ते कापत्यात. त्या दोऱ्याच्या रेघा बुडावर गोल गोल उमटतात, अगदी शंखावानी. आमी त्याला शंखच म्हणायचो. वरचं समदं अंग आमी बाया गारगोटीनं घोटायचो, गेरूनं रंगवायचो, वेल काढायचो, पोपट काढायचो. बुडाकडं कोण बघतंय. शंख तसाच ऱ्हायचा. उजवीकडं वळलेला, साऱ्या कुंभारांचा असतो तसा.

मंग सासरा तापानं गेला आन चाक माझ्या मालकाकडं आलं. त्यांचाबी हात चांगला व्हता. पण निजामाचं राज. कुणी मोठ्ठा साहेब दौऱ्यावर निघाला की गावात दवंडी फिरायची. कुणी घोड्याला गवत द्यायचं, कुणी कोंबड्या, कुणी दूध. कुंभारानं मडकी द्यायची, ती भरायची, वरनं सामानबी वाहायचं. ह्याला वेठ म्हणायचे. दाम तर सोडाच, कुणी 'बस' म्हणायचीबी रीत नव्हती. असंच एकदा मालकाला परभणीकडं नेलं. पोखर्णीच्या रस्त्याला लोखंडी पेटी गाडीत चढवताना निसटली ती त्यांच्या उजव्या मनगटावर. साहेबानं इचारलं काय असंल? "पेटीला पोचा आला का?"

हाड वाकडंच बसलं. बोटं उघडायची, पण मिटायची न्हाईत. तोटीमायनं लेकाचा हात मांडीवर घेतला, लेकराचा घ्यावा तसा. डोळ्यात पाणी न्हाई. म्हणली, "ह्यो हात माती धरायचा व्हता. पेटी धरायला त्यांच्या घरी हात नव्हते का?"

चाक बंद पडलं. हे गावकीत कुणाला कळू दिलं न्हाई, आधीची भांडी आव्यात, म्हंजे भट्टीत, व्हती ती इकत बसलो. आन नेमकं तवाच गढीचा हुकूम आला.

गढीवाल्या सरकारचं धाकलं पोरगं विलायतेला जाऊन आलतं. येताना त्यानं तिकडनं एक झारी आणलती, जुनी. सरकारच्या लेकीचं लगीन ठरलं तवा कारभारी आमच्या दारात आला. घोड्यावरनं उतरलाबी न्हाई. "तोटीमाय, पोराला घिऊन गढीवर ये. नमुना बघून जा. लगनात तसल्याच झाऱ्या पायजेत."

आमी तिघंबी गेलो. चौकात ऊन मी म्हणायलं व्हतं. चौरंगावर मखमल आन त्याच्यावर ती झारी. आई आई! आजबी डोळ्यापुढं हाय. काळीभोर, तव्यावर तेल फिरवल्यावानी चकाकायली. त्या काळ्यात तांबूस रंगाची माणसं काढलेली. तोंड तीन पाकळ्यांचं, बेलाच्या पानावानी. मधल्या पाकळीतनं धार पडायची. आन कान असा मागनं उंच उठलेला, मांजरीनं शेपूट वर केल्यावानी.

तोटीमायचे हात आपसूक म्होरं गेले. कारभारी वरडला, "ए! हात लावू नगं. यूनानची हाय ती. दोन हजार वर्साची."

"यूनान म्हंजे? परभणीला यूनानी हकीम बसतो, त्याच्या गावची व्हय?"

धाकला सरकार हासला. "फार लांब हाय माय. समिंदराच्या पल्याड."

"केली कुणी?"

"तिथल्या कुंभारानं. आणखी कोण करणार?"

"मग आमच्यातलाच की त्यो," तोटीमाय म्हणली. "त्यानं बी हात न लावताच केली व्हती का?"

कारभाऱ्यानं डोळे वटारले. "जीभ आवर. बघून करायची. डोळे दिलेत ना देवानं?"

"डोळ्याला रंग कळतो सरकार. वजन कळत न्हाई. किती वाकवलं की धार सुटती ते हातालाच कळतं."

"बघून कर म्हणलं ना."

मंग तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधले, शाळेतल्या पोरावानी, आन चौरंगाच्या भवती फिरायला लागली. वाकून बघायची, मागं सरून बघायची, परत वाकायची. झारीवर चितार व्हता. एक बाप्या खुर्चीवर बसलाय, त्यानं पसरट थाळी म्होरं केलीय. त्याच्यासमोर एक बाई उभी हाय, अंगावर चुण्याचुण्याचं लुगडं, आन तिच्या हातात हीच झारी, ह्याच तोंडाची. ती थाळीत वतायली. धाकला सरकार सांगायला लागला, की ते लोक देवाच्या नावानं, मेलेल्या माणसाच्या नावानं असं वतायचे, आपण पितराला पाणी देतो तसं.

तोटीमाय माझ्याकडं वळली. हळू बोलायची तिला सवयच नव्हती. "गया, बघ गं. त्यो बसलाय आन ही उभीच. दोन हजार वर्सं झाली, कुणी बस म्हणलं न्हाई बाईला."

उनानं माझा घसा सुकला व्हता, तिचाबी. तिनं पाणी मागितलं. गढीचा गडी झारी घिऊन आला आन लांब उभा ऱ्हाऊन वरनं आमच्या वंजळीत धार सोडली. ती झारी आमच्याच घरची व्हती, तिच्यावरचा पोपट म्या काढलेला. तोटीमाय पाणी प्याली, तोंड पुसलं आन म्हणली, "माझीच झारी आन मलाच लांबनं पाणी. धार मातुर सरळ हाय."

मंग तिनं धाकल्या सरकारपुढं पदर पसरला. खरं ते सांगितलं. "लेकाचं मनगट मोडलंय. चाक बंद हाय. औंदा दुसऱ्या कुणाला सांगा."

कारभारी म्हणला, "तुझं दुखणं आमाला नगं. झाऱ्या आल्या न्हाईत तर तळ्याची माती बंद. मंग गाढवं लादा आन दुसरं गाव बघा."

तळं गढीचं. आमच्या कामाची काळी चिकट माती भवताली त्याच एका तळ्यात. माती बंद म्हंजे आमचं गाव बंद, घर बंद, पोट बंद. दुसऱ्या गावात दुसरे कुंभार असतात, ते काय आमाला वाटा देणार? मालकाचं तोंड उतरलं.

दुसऱ्या दिशी सकाळी तिनं न्हाऊन घेतलं, मालकाला दाराबाहेर बसवलं आन म्हणली, "कुणी आलं की खोकायचं." मंग दार लावलं. चाकाला हळदकुकू वाहिलं, हात जोडले. "म्हादेवा, तुला राग आला तर मला सांग. पंचाला सांगू नगं." आन बसली की चाकावर!

तिनं काठी डाव्या हातात धरली, चाकाच्या भोकात घातली, आन फिरवलं. चाक उलटं फिरायला लागलं. मालक फटीतनं बघायला लागले व्हते, ते कुजबुजले, "माय, उलटं फिरायलंय!"

"तू खोक," ती म्हणली. "मला हेच सुलटं हाय."

त्याचं असं, की ती सारा जन्म माझ्या सासऱ्याच्या समोर बसलेली. आरशात बघितल्यावानी तिनं समदं बघितलेलं. त्याचा उजवा हात तिच्या डाव्या अंगाला दिसायचा. त्यो उजव्या हातानं काठी मारायचा, तिचा डावा हात ते शिकला. त्याचा डावा हात भांड्याच्या आत जायचा, तिचा उजवा जायला लागला. हात उलटे म्हणून चाकबी उलटं. कुणी शिकवलं न्हाई. नुस्तं बघून बघून तिच्या हातात उतरलं व्हतं, आन इतकी वर्सं ते हात तिनं मांडीवर ठिवून दिले व्हते.

पयल्या झाऱ्या बसकल्या. तिनं शिव्या दिल्या, मातीला न्हाई, कारभाऱ्याला. मंग एक उभी ऱ्हायली. अंग सुपारीवानी गोल, गळा बारीक. तिनं वल्या तोंडाला तीन जागी बोटं लावली आन बेलाचं पान उमललं. मी टाळी वाजवली तर मला म्हणली, "टाळी पाणी वतल्यावर वाजव." तिनं कान बसवला, वाळवून, भाजून धार बघितली. ती पयली दगडावर गेली, दुसरीबी गेली. मंग धार जमली.

तसलं चकाकीचं काळं काही आमाला जमलं न्हाई, खोटं कशाला बोलू. आव्यात लीद टाकून धूर कोंडला, तवा काळं आलं, पण ते आमच्या चुलीवानी काळं. त्याच्यावर गेरूनं चितार तिनं काढला. तिनं बाईला बसवली. चांगली ऐसपैस, मांडी घालून. आन बाप्याला उभा केला, झारी त्याच्या हातात दिली. मी बघतच ऱ्हायले. ती कुंचली धुवत म्हणली, "दमली व्हती बिचारी."

झाऱ्या पालथ्या घालून म्या पुसायला घेतल्या आन माझा हात थबकला. बुडावरचा शंख डावीकडं वळलेला. मी म्हणले, "आत्या, ह्यो तर कुणीबी वळखील. आता भाजलंय, तरी गारगोटीनं घासून काढू का?"

"कामून?" ती म्हणली. "मपला हाय त्यो. माझ्या हाताचा."

झाऱ्या गढीवर गेल्या. कारभाऱ्यानं चितार बघितला. "ही बाई बसली कशी काय? नमुन्यात उभी व्हती."

"तुमी हात लावू दिला न्हाई सरकार. लांबनं बघितलं की थोडं उलटसुलट व्हतंच."

लगनाच्या दिशी मांडवात त्या झाऱ्यांतनं पाव्हण्यांवर गुलाबपाणी शिपडलं. पाव्हणे झाऱ्या हातात घिऊन बघायले, वा वा करायले. लोकांना बसलेली बाई लय आवडली. सरकारनं हाक मारली, "कुंभार कुठाय?" मालकाला म्होरं ढकललं. त्यांच्या डोक्याला फेटा बांधला. ते वाकडं मनगट पदराखाली, म्हंजे उपरण्याखाली, लपवून उभे, तोंड असं की फाशी द्यायलेत. आन तोटीमाय कुठं? मांडवाच्या कडंला, पाव्हण्यांच्या जोड्यांपाशी. कुणीतरी तिला जोडे राखायला बसवलं व्हतं. निदान बसवलं व्हतं, असं ती मागनं म्हणायची आन हासायची. मला हासू यायचं न्हाई.

त्या लगनात आमच्या जातीचा रावजी पंच आलता. त्याची खोड अशी, की कुठलंबी भांडं दिसलं की पालथं करून बघायचं. त्यानं झारी पालथी केली. शंखावर अंगठा फिरवला. मंग मालकाच्या उपरण्याकडं बघितलं, मंग जोड्यांपाशी बसलेल्या तोटीमायकडं. गढीच्या मांडवात बोलायची त्याची छाती नव्हती.

पंचायत म्हादेवाच्या देवळाम्होरं बसली. जातीचे बाप्ये पारावर, बाया खाली उनात. रावजी पंचानं विचारलं, "ह्या झाऱ्या कुणाच्या हातच्या?" मालकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात तोटीमाय उठली.

"माझ्या."

"चाक म्हादेवाचं हाय. बाईनं त्याला काठी लावायची न्हाई, ठावं हाय ना?"

"म्या म्हादेवाला इचारून बसले. त्यो काय बोलला न्हाई. तुमी कामून बोलायलात?"

बाया पदरात तोंड घालून हासल्या. पंच तापला. "बाई चाकावर बसली की आवा फुटतो, पाऊस पडत न्हाई!"

"आवा तर न्हाई फुटला. आन गेल्या साली चाकावर तुमीच व्हता, तवा कुठं पडला पाऊस?"

"नाक घासून माफी माग, तोटे! न्हाईतर वाळीत टाकीन."

मंग ती जे बोलली ते माझ्या काळजात कोरलंय. आवाज चढवला न्हाई. म्हणली, "रावजी, गढीनं फेटा बांधला तवा ह्यो हात कुणाचा, हे कुणी इचारलं न्हाई. तूबी तितंच व्हतास. गुन्हा झाला तवा बरा बाईचा हात वळखू आला."

नाक घासलं न्हाई तिनं. आमाला वाळीत टाकलं. जातीतल्या घरनं चुलीला इस्तू बंद, पाणी बंद, लगनकार्याचं बोलावणं बंद. एवढ्यावर भागलं न्हाई. पंच म्हणला, दर बाजारी तुमची भांडी मी पालथी करून बघणार. एक जरी डावा शंख दिसला तर समदा माल फोडीन आन बाईनं चाक बाटवलं म्हणून गढीवर सांगून माती बंद करीन. गढीला आमच्या चाकाचं काय पडलं व्हतं? पण माती बंद करायला त्यांना निमित्तच पायजे असायचं.

आता सांगा, काय करावं? मालकाच्या बोटांत धरायची ताकद न्हाई. तोटीमायनं केलं की शंख डावा. तो घासून काढला तर पंच म्हणणार, बूड कामून घासलं. मी चुलीपाशी बसून रडले. ती आली, मला उठवलं आन चाकापाशी नेलं. मी तिच्या शेजारी बसाय गेले.

"शेजारी न्हाई. समोर बस."

"समोरनं कसं शिकू? उलटं दिसतंय."

"समोर बस म्हणलं ना."

रोज दार लावायचं, मालकांनी बाहेर बसून खोकायचं. खोकून खोकून त्यांना खरंच खोकला लागला. ती चाक फिरवायची, भांडं उभं करायची, मला दावायची आन झालं की मूठ मारून त्याचा परत गोळा करायची. इतकी देखणी भांडी! एकबी आव्यात गेलं न्हाई. मला वाईट वाटायचं, तर म्हणायची, "रडू नगं, माती पातळ व्हती." मंग मी बसायची आन ती माझ्या समोर. माझी बोटं चुकली की चापट. दुपारच्या दुपारी अशा गेल्या. तिचा डावा हात जे करायचा ते माझा उजवा करायला लागला.

एक दिस म्या दोरा घालून गाडगं कापलं, उचललं, आन तिनं ते माझ्या हातातनं घिऊन पालथं केलं. शंख उजवा. साऱ्या कुंभारांचा असतो तसा. तवा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिच्याकडं बघितलं तर ती गालातल्या गालात हासायली.

"मी त्याच्या समोर बसले, उलटी झाले. तू माझ्या समोर बसलीस, सुलटी झालीस. आता बघू त्यो पंच काय फोडतोय ते."

राणीसावरगावच्या बाजारात आमी माल मांडला. रावजी पंच आला. एक एक गाडगं पालथं केलं, एक एक झारी. शंखावर अंगठा फिरवला, उनाकडं धरून बघितलं. मालक वाकडा हात कमरंवर ठिवून उभे. शेवटाला पंच उठला, धोतर झटकलं आन मालकाला म्हणला, "पोरा, बापाचा हात उतरला बघ तुझ्यात. आईच्या नादी लागला व्हतास, आता सुधारलास."

तोटीमायनं पदर तोंडात कोंबला. मला मातुर असा राग आला, की तिथलं एखादं गाडगं उचलून... तिनं माझं मनगट धरलं. "वला हाय तवर ठिव," ती म्हणली.

वाळीत मातुर आमाला ठिवलंच. माफी मागितली न्हाई म्हणून. तोटीमाय रजाकाराच्या गडबडीच्या आधीच्या उन्हाळ्यात गेली. आजारात तिला पाण्याचा घोट पायजे व्हता. म्या माझ्या हातच्या झारीतनं तिच्या तोंडात धार सोडली. ती पाणी प्यायच्या आधी धारंकडंच बघायली. मी झारी उभी केली. तिनं इचारलं, "तुटली का नीट?"

"तुटली आत्या. थेंबबी वघळला न्हाई."

"मंग झालं," म्हणली.

जातीतलं कुणी खांदा द्यायला आलं न्हाई. रावजी पंच तर गावातच व्हता त्या दिशी, पारावर बसून तंबाखू मळत. शेजारच्या धनगरांनी नेली तिला. जातीत घ्या म्हणून आमी नाक घासलं असतं तर आले असते म्हणे. मी नाक घासणार नव्हते. अजून घासलं न्हाई.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, गढीवाले हैदराबादला निघून गेले. यूनानची झारी त्यांनी नेली का कुणाच्या पायाखाली आली, मला ठावं न्हाई. लोकांनी गढीतली पितळ उचलली, तांबं उचललं, खुर्च्या उचलल्या. मातीच्या भांड्याला कोण हात लावतंय. मी गेले तवा गोठ्यात एक काळी झारी सापडली, चुना भरून ठिवलेली. चितारातली बाई चुन्यानं निम्मी पुसलेली, पण बसलेली. म्या पालथी करून बघितली. डावा शंख. पदरात बांधून आणली, चुना धुतला, धार बघितली. सरळ.

तवापासून चाक मीच फिरवते. मालक व्हते तवर लोक त्यांचंच नाव घ्यायचे, मंग माझ्या लेकाचं घ्यायला लागले. वाळीतपणाबी जुना होऊन इरला, कुणी उठवला न्हाई. आखितीला, अक्षय तृतीयेच्या दिशी, घरोघर पितरांना पाणी द्यायला कोरा करा, म्हंजे नवं बारकं गाडगं, लागतो, तो सारं गाव आमच्याकडनं नेतं. रावजी पंचाचे नातूबी नेतात. परवाच्या आखितीला थोरला आलता. करा हातात घेतला, आज्याच्या खोडीनं पालथा केला, शंख बघितला. "नीट हाय," म्हणला. "आज्याच्या नावानं वतायचा हाय, म्हणून बघितलं."

"ने बाबा," मी म्हणले. "त्याला पसंत पडंल."

त्यो गेल्यावर म्या दार लावलं न्हाई. आता कशाला लावू? काळी झारी काढली, भरली आन तोटीमायच्या नावानं अंगणात बसून पाणी वतलं. उभं ऱ्हाऊन न्हाई. बसून.